वेगवेगळ्या फिल्म-फॉरमॅटमध्ये लेन्सची विभेदनक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३५ एमएम कॅमेऱ्याची लेन्स दर मिलिमीटरला १०० रेषाजोड्या दाखवते आणि ४×५ इंची कॅमेऱ्याची लेन्स ६० दाखवते, म्हणून पहिली लेन्स सरस, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. दोन्ही आकडे खरे असूनही तो चुकीचा आहे. खालच्या उत्तरांतून तो का चुकतो हे तर कळेलच, शिवाय फॉरमॅट, म्हणजे फिल्मच्या चौकटीचे माप, मोठा केल्यावर नेमके काय पदरात पडते आणि कोणत्या परिस्थितीत फारसे काहीच पडत नाही, हेही हिशोबासह पाहता येईल.

विभेदनक्षमता कशी मोजतात?

एक काळी रेषा आणि तिच्या शेजारची तेवढ्याच रुंदीची पांढरी रेषा मिळून एक रेषाजोडी होते. फिल्मच्या एका मिलिमीटरमध्ये अशा किती जोड्या एकमेकींत न मिसळता वेगळ्या ओळखू येतात, तो आकडा म्हणजे विभेदनक्षमता. काही जुन्या तक्त्यांत नुसत्या ‘रेषा’ लिहिलेल्या असतात आणि तिथे लेखकाला रेषा अभिप्रेत आहेत की जोड्या, हे पाहूनच आकडा वापरावा, कारण फरक दुपटीचा पडतो. या पानावर सर्वत्र जोड्याच धरल्या आहेत.

एक मर्यादा आधीच लक्षात ठेवावी. ‘जेमतेम वेगळ्या दिसतात’ अशा टोकाच्या रेषांमध्ये कॉन्ट्रास्ट जवळजवळ उरलेला नसतो. फोटो डोळ्याला शार्प वाटतो तो मुख्यतः मधल्या बारकाईच्या तपशिलांत, म्हणजे ३५ एमएमच्या बाबतीत दर मिलिमीटरला १० ते ४० जोड्यांच्या टप्प्यात, कॉन्ट्रास्ट किती टिकला यावरून. त्यामुळे कमाल आकडा जास्त असलेली लेन्स प्रत्यक्षात मवाळ दिसू शकते.

निरनिराळ्या फॉरमॅटमध्ये फिल्मची चौकट किती मोठी असते?

३५ एमएमची चौकट २४×३६ मिमी असते आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. ओस्कार बार्नाक यांनी सिनेमाच्या १८×२४ मिमी चौकटीची दुप्पट करून हे माप लाइका कॅमेऱ्यासाठी घेतले आणि १९२५ साली तो कॅमेरा बाजारात आल्यावर ते रूढ झाले. ‘१२०’ या मीडियम फॉरमॅटच्या रोल फिल्मवर ६×६ ची प्रत्यक्ष चौकट सुमारे ५६×५६ मिमी आणि ६×७ ची सुमारे ५६×७० मिमी असते. लार्ज फॉरमॅटच्या ४×५ इंची शीट फिल्मवर (ही सुट्या पानांच्या रूपात होल्डरमध्ये बसवतात) होल्डरच्या कडा वगळता साधारण ९६×१२० मिमी क्षेत्र वापरता येते, तर ८×१० इंचीवर साधारण १९४×२४५ मिमी.

लहान फॉरमॅटच्या लेन्स अधिक शार्प असतात, हे खरे आहे का?

दर मिलिमीटरच्या हिशोबाने पाहिले तर होय, आणि त्यामागे प्रकाशशास्त्राचे साधे कारण आहे. एखाद्या लेन्सची रचना तशीच ठेवून तिचे प्रत्येक माप तिप्पट केले, तर तिचे नाभीय अंतर तिप्पट होते, प्रतिमेचे वर्तुळ तिप्पट होते आणि त्याबरोबर विपथनांमुळे (किरण एका बिंदूत आणू न शकण्याच्या लेन्सच्या दोषांमुळे) पडणारा अस्पष्टतेचा ठिपकाही तिप्पट होतो. म्हणजे विपथनांचाच अडसर असेल तेथवर दर मिलिमीटरचा आकडा एक-तृतीयांश होतो. पण फिल्मही तिप्पट मोठी असल्यामुळे संपूर्ण चौकटीत मावणाऱ्या जोड्यांची संख्या तेवढीच राहते.

याला दुसरीही बाजू आहे. लार्ज फॉरमॅटच्या लेन्सला बरेच मोठे वर्तुळ व्यापावे लागते: १५० मिमी निक्कोर-डब्ल्यू ही लेन्स एफ/२२ वर (एफ-आकडा जितका मोठा, तितके ॲपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र लहान) २१० मिमी व्यासाचे वर्तुळ देते, म्हणजे ४×५ इंचीच्या सुमारे १५३ मिमी कर्णापेक्षाही पुष्कळ जास्त, कारण कॅमेऱ्याचा पुढचा-मागचा भाग सरकवण्यासाठी तेवढी मोकळीक लागते. एवढ्या क्षेत्रावर प्रतिमा सारखी राखायची असेल तर मध्यभागाच्या टोकदार कामगिरीवर थोडे पाणी सोडावेच लागते.

असे असताना मोठ्या फिल्मवरचा फोटो सरस का दिसतो?

आपण पाहतो तो प्रिंट, आणि प्रिंट करण्यासाठी निगेटिव्ह किती पट वाढवावी लागली यावर सगळे ठरते. सामान्य दृष्टीचा माणूस २५ सेंटिमीटरवरून कागदावरच्या दर मिलिमीटरला सुमारे ७ जोड्या ओळखू शकतो. व्यवहारात ५ जोड्या असल्या तरी प्रिंट उत्तम शार्प वाटतो. आता १६×२० इंचांचा प्रिंट घ्या, ज्याची आखूड बाजू ४०६ मिमी आहे. ३५ एमएमची निगेटिव्ह त्यासाठी जवळपास १७ पट वाढवावी लागते, म्हणून कागदावर ५ जोड्या हव्या असतील तर फिल्मवर ८५ हव्यात. ६×७ ला हाच आकडा ३६ वर येतो, ४×५ इंचीला २१ वर आणि ८×१० इंचीला १० च्या आसपास.

फिल्मवर खऱ्या दृश्याच्या ८५ जोड्या मिळवणे हे उत्तम लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि बारीक दाण्याची फिल्म यांनाही अवघड जाते, तर २१ जोड्या सत्तर वर्षांपूर्वीची साधी लेन्सही देऊ शकते. फॉरमॅटची तुलना करायची असेल तर दर मिलिमीटरच्या आकड्याला चौकटीच्या आखूड बाजूने गुणून ‘चौकटीच्या उंचीत एकूण किती जोड्या’ हा आकडा काढावा. माझ्या मते कोणत्याही तुलनेत हा गुणाकार आधी व्हायला हवा. तो नसलेले तक्ते वाचकाची दिशाभूल करतात.

फिल्मची स्वतःची मर्यादा किती?

उत्पादक दोन आकडे देतात आणि जाहिरातीत बहुधा मोठाच आकडा झळकतो. काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण १०००:१ असलेल्या तक्त्यावर कोडॅक टी-मॅक्स १०० ची क्षमता २०० आहे, १.६:१ अशा मंद कॉन्ट्रास्टच्या तक्त्यावर ती ६३ वर येते. फुजी वेल्व्हिया ५० चे आकडे १६० आणि ८०, तर ट्राय-एक्स ४०० चे १०० आणि ५०. झाडाची साल, कापडाचा पोत, दूरचे डोंगर यांत कॉन्ट्रास्ट मंदच असतो, म्हणून रोजच्या कामासाठी दुसरा आकडा अधिक प्रामाणिक मानावा.

लेन्स आणि फिल्म मिळून किती, हे काढण्याचा एक ठोकताळा छायाचित्रकारांत रूढ आहे. दोघांच्या आकड्यांचे व्यस्त घेऊन त्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्यायचा. लेन्स १०० आणि फिल्म १०० असेल तर एकत्रित निकाल ५० येतो. हा हिशोब थोडा कडक आहे, कारण वर्गांची बेरीज घेणारे दुसरे सूत्र याच जोडीला ७१ देते. परंतु साखळीतला प्रत्येक दुवा काही ना काही हिरावून घेतो आणि एकट्या लेन्सचा आकडा फिल्मवर कधीच जसाच्या तसा उतरत नाही, हे दोन्ही सूत्रांतून सारखेच स्पष्ट होते.

ॲपर्चर लहान केले की लेन्स शार्प होते, मग ते शक्य तितके लहान का करू नये?

ॲपर्चर लहान केले की विपथने कमी होतात हे खरे. पण प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो आणि हे विवर्तन कोणत्याही काचेने टाळता येत नाही. हिरव्या प्रकाशासाठी त्याची मर्यादा अंदाजे १५०० भागिले एफ-आकडा इतकी येते. म्हणजे एफ/८ वर सुमारे १८७ जोड्या, एफ/१६ वर ९४, एफ/२२ वर ६८, एफ/३२ वर ४७ आणि एफ/६४ वर अवघ्या २३. ही मर्यादा फक्त एफ-आकड्यावर ठरते. लेन्सची किंमत, तिचे नाव किंवा फॉरमॅट यांचा त्यात काही वाटा नाही.

चांगली ३५ एमएम लेन्स साधारणपणे एफ/५.६ ते एफ/८ वर, मीडियम फॉरमॅटची एफ/८ ते एफ/११ वर आणि लार्ज फॉरमॅटची एफ/१६ ते एफ/२२ वर सर्वोत्तम असते. १९३२ साली कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी स्थापन केलेल्या गटाने ‘एफ/६४’ हेच नाव घेतले होते. ३५ एमएमवर एफ/६४ म्हणजे शार्पनेसचा सत्यानाश. मात्र ८×१० इंची निगेटिव्हचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे न वाढवता तिच्याच मापाचा प्रिंट, काढला तर कागदावर २३ पर्यंत जोड्या उतरण्यास वाव राहतो, आणि डोळ्याची कुवत ७ चीच असल्यामुळे त्या प्रिंटमध्ये विवर्तन कुणाला दिसणे शक्यच नसते.

दोन फॉरमॅटमध्ये डेप्थ ऑफ फील्ड सारखी ठेवली, तर तुलना कशी बदलते?

हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वात मोलाचा आहे, कारण लार्ज फॉरमॅटच्या कीर्तीची खरी परीक्षा इथे होते.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे जवळपासून दूरपर्यंत जेवढा पट्टा शार्प दिसतो तो. समोरचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही शार्प हवे आहेत आणि ३५ एमएमवर त्यासाठी एफ/८ पुरते, असे धरू. दृश्याचा कोन तोच ठेवून मोठ्या फॉरमॅटवर गेलो की लेन्सचे नाभीय अंतर वाढते आणि तेवढीच डेप्थ मिळवायला एफ-आकडाही कर्णाच्या प्रमाणात वाढवावा लागतो: ६×७ वर साधारण एफ/१७, ४×५ इंचीवर एफ/२८, ८×१० इंचीवर एफ/५८. या ठिकाणी विवर्तनाची मर्यादा ३५ एमएमपासून ८×१० इंचीपर्यंत अनुक्रमे १८७, ९०, ५३ आणि २६ जोड्या इतकी येते. तिला प्रत्येक चौकटीच्या आखूड बाजूने गुणल्यावर चारही फॉरमॅटचे उत्तर साडेचार ते पाच हजार जोड्यांच्या दरम्यानच येते, आणि जो थोडा फरक दिसतो तो चौकटींच्या लांबी-रुंदीचे प्रमाण वेगळे असल्यामुळे. थोडक्यात, डेप्थ सारखी ठेवायची तर विवर्तन सर्व फॉरमॅटना एकाच कमाल रेषेवर आणून बसवते.

मग मोठ्या फॉरमॅटचा फायदा शून्य होतो का? तसे नाही, कारण फिल्म अजून हिशोबात आलेली नाही. फिल्मची क्षमता १०० धरून आणि लेन्स केवळ विवर्तनाने अडलेली आहे असे मानून वरचा ठोकताळा लावला, तर चौकटीच्या उंचीत ३५ एमएमला सुमारे १५६० जोड्या मिळतात, ६×७ ला २६५०, ४×५ इंचीला ३३२५ आणि ८×१० इंचीला ४००० च्या आसपास. ३५ एमएमच्या बाबतीत लेन्स पुष्कळ देते पण फिल्म ते घेऊ शकत नाही; ८×१० इंचीवर फिल्मला जागा भरपूर असते पण लेन्सकडून तेवढे येत नाही.

या आकड्यांतली चढण नीट पाहण्यासारखी आहे. ३५ एमएमवरून ६×७ वर जाताना सत्तर टक्क्यांची वाढ मिळते, तिथून ४×५ इंचीवर पंचवीस टक्क्यांची, आणि ४×५ वरून ८×१० वर जाताना फिल्मचे क्षेत्रफळ चौपट होऊनही वाढ केवळ वीस टक्क्यांची. शिवाय एफ/८ वर १/६० सेकंद लागत असेल तर एफ/५८ वर जवळपास एक सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने हललेले एक पान हा सगळा हिशोब धुऊन टाकते. ज्यांना जवळपासून दूरपर्यंत सगळे शार्प हवे असलेले दृश्य टिपायचे आहे आणि एकच फॉरमॅट निवडायचा आहे त्यांनी ६×७ किंवा ४×५ इंचीचा विचार करावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. ८×१० इंची घ्यावा तो कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी किंवा छटांच्या मऊ उतारासाठी. बारीक तपशिलासाठी नव्हे.

लार्ज फॉरमॅटला या कोंडीतून सुटण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो व्ह्यू कॅमेऱ्याच्या, म्हणजे पुढचा-मागचा भाग सरकवता आणि तिरपा करता येणाऱ्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या, रचनेतच आहे. लेन्सचा बोर्ड तिरपा केला की फोकसचे प्रतलही तिरपे होते, त्यामुळे पायापासून क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन कमी एफ-आकड्यावरही शार्प येऊ शकते. हा नियम ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लूग यांच्या नावाने ओळखला जातो. एफ/३२ ऐवजी एफ/१६ वर काम भागले तर विवर्तनाची मर्यादा ४७ वरून ९४ वर जाते. दृश्य सपाट पसरलेले असेल तरच हे साधते. अग्रभागी उंच झाड उभे असेल तर त्याचा शेंडा तिरप्या प्रतलाबाहेर पडतो.

फिल्म सपाट नसण्याने कितपत बिघडते?

लहान फॉरमॅटमध्ये, विशेषतः मोठ्या ॲपर्चरवर, पुष्कळ. एफ/२ वर आणि ०.०१ मिमी इतका काटेकोर ठिपका धरला तर फिल्मने प्रतलापासून ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. म्हणूनच १९९० साली आलेल्या काँटॅक्स आरटीएस-३ मध्ये फिल्म निर्वाताने ओढून धरण्याची सोय केली होती. १२० रोलला पाठीवर कागद असतो आणि कॅमेऱ्यात रोल वळणांवरून जातो, त्यामुळे बराच वेळ न सरकवलेली चौकट किंचित फुगते. महत्त्वाची चौकट फिल्म सरकवल्यावर लगेच टिपणे चांगले. ४×५ इंची होल्डरमध्ये फिल्म बसण्याची प्रमाण खोली ०.१९७ इंच असून त्यात ०.००७ इंचाची सूट आहे. ही सूट सुमारे ०.१८ मिमी होते आणि एफ/२२ वर ती सहज खपते; पण त्याच लेन्सने पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काम करणाऱ्याने ग्राउंड ग्लास (ज्यावर प्रतिमा पाहून फोकस करतात ती धूसर काच) आणि होल्डर यांची खोली मोजून घ्यावी.

मीडियम फॉरमॅटची लेन्स ॲडॉप्टर लावून ३५ एमएम कॅमेऱ्यावर वापरली तर शार्पनेस वाढेल का?

सहसा नाही. प्रतिमेच्या वर्तुळाचा केवळ मधला भाग वापरला जात असल्यामुळे कडा आणि मध्य यांत फरक कमी दिसेल, एवढाच लाभ. ती लेन्स मोठ्या वर्तुळासाठी आणि कमी पटींच्या एन्लार्जमेंटसाठी आखलेली असते; ३५ एमएमला हव्या असलेल्या दर मिलिमीटरच्या बारकाईसाठी नव्हे.

जुन्या साध्या कॅमेऱ्यातले फोटो अल्बममध्ये इतके स्वच्छ का दिसतात?

बडोद्यात बनणारा आगफा क्लिक-३ महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होता. त्याची लेन्स अगदी साधी आणि स्थिर फोकसची होती, कडांना ती ढिली पडत असे, आणि दर मिलिमीटरच्या स्पर्धेत तिला कोणत्याही बऱ्या ३५ एमएम लेन्सपुढे उभे राहता आले नसते. पण तो कॅमेरा १२० रोलवर ६×६ ची निगेटिव्ह देत असे आणि तिच्यापासून निगेटिव्हच्याच मापाचा किंवा थोडाच मोठा प्रिंट काढून अल्बममध्ये चिकटवला जाई. न वाढवलेल्या निगेटिव्हमध्ये दर मिलिमीटरला ७ जोड्या असल्या की डोळ्याचे समाधान होते. तीच निगेटिव्ह आज स्कॅन करून भिंतीएवढी केली की लेन्सचे दोष उघडे पडतात. अशा निगेटिव्ह घरात असतील तर त्या अवश्य सांभाळून ठेवाव्यात. माफक मोठ्या प्रिंटला पुरेल इतका तपशील त्यांत निश्चित असतो.

उत्पादकांचे एमटीएफ आलेख थेट ताडून पाहता येतात का?

एमटीएफ आलेख म्हणजे ठरावीक बारकाईच्या रेषांमध्ये लेन्स किती कॉन्ट्रास्ट टिकवते, ते दाखवणारा आलेख. एकाच फॉरमॅटच्या लेन्ससाठी ते ताडून पाहता येतात, तेही ॲपर्चर सारखे असेल आणि दोन्ही आलेख मोजलेले किंवा दोन्ही गणिताने काढलेले असतील तर. फॉरमॅट ओलांडताना मात्र सावध राहावे. निकॉन आणि कॅनन ३५ एमएमसाठी १० व ३० जोड्यांचे आलेख देतात. लार्ज फॉरमॅटचे आलेख बहुधा ५, १० आणि २० जोड्यांचे असतात. ४×५ इंचीवरच्या १० जोड्या या प्रिंटवर ३५ एमएमच्या ४० जोड्यांशी समतुल्य ठरतात, म्हणून १० चा आलेख १० च्या आलेखाशेजारी ठेवणे निरर्थक आहे.

स्कॅनर किंवा एन्लार्जरमुळे हा फरक पुसला जातो का?

पुष्कळदा, आणि हे दुर्लक्षित राहते. एक जोडी टिपण्यास किमान दोन बिंदू लागतात, म्हणून खऱ्या अर्थाने २४०० डीपीआय (दर इंचाला बिंदू) देणारा स्कॅनर दर मिलिमीटरला ४७ जोड्यांपलीकडे जाऊ शकत नाही आणि ४००० डीपीआयचा ७९ च्या पलीकडे. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला आकडा त्याच्या खऱ्या क्षमतेपेक्षा बराच मोठा असतो. अशा स्कॅनरवर ४×५ इंची फिल्मचे फारसे बिघडत नाही, पण ३५ एमएमवर लेन्सने कमावलेले बरेचसे तिथेच गळते. एन्लार्जरमध्ये फिल्मचे प्रतल, लेन्स आणि कागद समांतर नसतील तर तोच परिणाम होतो.

आपल्या लेन्सची तपासणी घरी कशी करावी?

१९५१ च्या अमेरिकी हवाईदलाच्या तक्त्याची चांगली प्रत भिंतीवर सपाट लावावी, एक मध्यभागी आणि शक्य झाल्यास चार कोपऱ्यांत. या तक्त्यात गट आणि त्यांतले घटक असतात. शून्य गटाचा पहिला घटक दर मिलिमीटरला १ जोडी दाखवतो आणि पुढचा प्रत्येक गट दुप्पट बारीक होत जातो. कॅमेरा लेन्सच्या नाभीय अंतराच्या ५१ पट दूर ठेवला की प्रतिमा बरोबर १/५० होते, म्हणून तक्त्यावर वाचलेल्या आकड्याला ५० ने गुणले की फिल्मवरचा आकडा मिळतो. ५० मिमी लेन्ससाठी हे अंतर २.५५ मीटर, ९० मिमीसाठी ४.५९ मीटर आणि १५० मिमीसाठी ७.६५ मीटर होते.

फिल्म मंद संवेदनशीलतेची घ्यावी, ट्रायपॉड आणि केबल रिलीज वापरावी, आरसा वर उचलून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी आणि प्रत्येक ॲपर्चरवर फोकस नव्याने जुळवून किमान दोन चौकटी घ्याव्यात, कारण घरगुती तपासणीत लेन्सच्या दोषापेक्षा फोकसची चूक जास्त वेळा आढळते. निगेटिव्ह सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी. स्कॅनवरून वाचल्यास तो आकडा स्कॅनरचा असण्याची शक्यता असते. आडव्या आणि उभ्या रेषांचे आकडे वेगळे लिहावेत, आणि शेवटी आलेल्या आकड्याला चौकटीच्या आखूड बाजूने गुणून मगच तो दुसऱ्या फॉरमॅटच्या आकड्याशेजारी मांडावा.